सरकारी रुग्णालयात आयुर्वेदिक उपचाराची चाचणी: जानुबस्तीचे उदाहरण घेऊन क्रमवार पद्धत

जिल्हा रुग्णालयातला आयुष विभाग एखादा उपचार 'ट्रायल' म्हणून सुरू करतो. वर्षभरात साठ-सत्तर केसपेपर जमतात, बहुतेकांवर 'रुग्णास बरे वाटले' असा शेरा असतो, आणि त्यातून काहीही सिद्ध करता येत नाही. घोळ बहुतेक वेळा एकच असतो: उपचार आधी सुरू होतो आणि प्रश्न नंतर ठरतो. नंतर कितीही आकडेमोड केली तरी हा उलटा क्रम सरळ करता येत नाही.

खाली गुडघ्याच्या संधिवातावर, म्हणजे झिजेमुळे होणाऱ्या गुडघेदुखीवर, जानुबस्तीची (गुडघ्याभोवती उडदाच्या कणकेची पाळी, म्हणजे कडे, करून त्यात कोमट तेल ठेवण्याच्या उपचाराची) चाचणी हे उदाहरण घेतले आहे. उपचार पोटात घ्यायचा नाही, जोखीम कमी आहे आणि असे रुग्ण प्रत्येक ओपीडीत असतात. योग, अॅक्युपंक्चर किंवा पोटातून द्यायच्या औषधाची चाचणी असली तरी क्रम हाच. कागद थोडे बदलतील.

टप्पा १: एका वाक्यात प्रश्न लिहा

'जानुबस्ती गुणकारी आहे का?' हा प्रश्न चाचणीच्या कामाचा नाही. कोणाला, कशाच्या तुलनेत, काय मोजून आणि किती दिवसांनी, ही चारही उत्तरे त्याच वाक्यात आली पाहिजेत. उदाहरणार्थ: 'गुडघ्याची झीज असलेल्या ४५ ते ७० वयाच्या रुग्णांत, नेहमीच्या उपचाराला जानुबस्तीच्या १४ बैठका जोडल्या, तर नेहमीचा उपचार अधिक गरम पाण्याच्या पिशवीचा शेक यांच्या तुलनेत सहाव्या आठवड्याला चालतानाची वेदना कमी असते का?'

तुलना-गटाला शेक कशासाठी, असे विचारले जाते. जानुबस्ती घेणारा रुग्ण रोज अर्धा तास पडून राहतो, गुडघ्याला ऊब मिळते, कोणीतरी आपुलकीने विचारपूस करते. तुलना-गटाला नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवले, तर दिसलेला फरक तेलाचा, उबेचा की विचारपुशीचा हे कळणार नाही. म्हणून दुसऱ्या गटालाही तितक्याच बैठका, तितकाच वेळ आणि शक्यतो त्याच कर्मचाऱ्याच्या हातून.

नेहमीचा उपचार दोन्ही गटांत अगदी सारखा हवा. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम, वजनाबद्दल सल्ला, आणि गरजेपुरती पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दिवसाला सहा गोळ्यांच्या वर नाही. गोळ्यांचा हिशेब रुग्णाच्या डायरीत ठेवायचा, कारण दुखणे कमी झाल्याची ती स्वतंत्र साक्ष असते.

टप्पा २: कोण घ्यायचे, कोण नाही

वगळण्याची यादी लिहिताना आळस केला तर इजा होते. जानुबस्तीत सर्वात महत्त्वाचा मुद्दा पायाची संवेदना. जुना मधुमेह असलेल्या काही रुग्णांना तेल जास्त गरम झाल्याचे कळतच नाही आणि भाजते. प्रत्येक मधुमेही रुग्णाची १० ग्रॅम मोनोफिलामेंटने (स्पर्श कळतो का ते पाहायच्या नायलॉनच्या धाग्याने) पावलाची तपासणी करा, गुडघ्याभोवतीच्या त्वचेला गरम-थंड ओळखता येते का तेही पाहा. दोहोंपैकी कुठेही बधिरपणा आढळला तर तो रुग्ण चाचणीत नाही.

याशिवाय वगळायचे: गुडघा लाल, गरम आणि सुजलेला असेल, त्वचेवर जखम किंवा नायटा असेल, आमवात निदान झालेला असेल, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तीन महिन्यांत गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतलेले असेल. एक्स-रेवर केलग्रेन-लॉरेन्स (झिजेचे ० ते ४ असे माप) श्रेणी २ आणि ३ घ्या. चौथ्या श्रेणीत सांधा इतका झिजलेला असतो की त्या रुग्णाला अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवणे हेच योग्य.

> तपासा: 'गावातल्या वैद्याची पुडी घेता का?' हे स्पष्ट विचारा. नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. अशी पुडी घेणारा रुग्ण कुठल्याही गटात गेला तरी निकाल बिघडवतो, आणि ती एकदम बंद केली तर त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. त्याला चाचणीत न घेता फिजिशियनकडे पाठवा.

टप्पा ३: किती रुग्ण लागतील

तीस-तीसचे दोन गट ही सवय पदव्युत्तर प्रबंधांतून आली आहे. तिला आधार नाही. साधे सूत्र असे: प्रत्येक गटातली संख्या = १६ × (प्रमाण विचलन ÷ अपेक्षित फरक)चा वर्ग. प्रमाण विचलन म्हणजे रुग्णारुग्णांच्या आकड्यांतला पसारा. यात ८० टक्के क्षमता (खरा फरक असला तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सार्थकता पातळी (फरक नसताना तो दिसण्याची शक्यता) धरलेली असते.

वेदना ० ते १० या मापावर मोजली, प्रमाण विचलन २.५ धरले आणि १.२ गुणांचा फरक पकडायचा असेल, तर १६ × ४.३४ म्हणजे सुमारे ७०. गळती, म्हणजे मध्येच सोडून जाणारे रुग्ण, २० टक्के धरायची. इथे हमखास चूक होते: ७० मध्ये २० टक्के मिळवून ८४ करतात. भागायचे असते ०.८ ने, म्हणजे ८८. दोन गट मिळून १७६.

आता हा आकडा ओपीडीच्या रजिस्टरशी लावून पाहा. आठवड्याला दहा पात्र रुग्ण येतात आणि निम्मे तयार होतात असे धरले, तर भरतीलाच ३५ आठवडे. त्यात पेरणी येते, दिवाळी येते. साखरपट्ट्यात जाण्यासाठी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडणी कामगार गाव सोडतात. जो रुग्ण महिन्याभरात स्थलांतर करणार आहे त्याला घेऊन बाराव्या आठवड्याची, म्हणजे शेवटच्या मोजणीची, नोंद मिळणार नाही. भरतीच्या आधीच 'पुढचे तीन महिने इथेच आहात का?' हे विचारण्याचा रकाना फॉर्मवर ठेवा.

टप्पा ४: सामान, आणि त्याचा खरा हिशेब

मंजुरीच्या प्रस्तावात तेलाची किंमत असते. पिठाची कोणी धरत नाही. एका गुडघ्याच्या पाळीसाठी एका बैठकीला साधारण २५० ग्रॅम उडदाचे पीठ लागते. कणीक रोज ताजी हवी, कारण ती दुसऱ्या दिवशी आंबते. १४ बैठकांचे साडेतीन किलो. ८८ रुग्णांत निम्म्यांचे दोन्ही गुडघे दुखतात असे धरले तर १३२ गुडघे, म्हणजे ४६२ किलो पीठ. ते कुठून येणार आणि कुठे ठेवणार, हे भांडार विभागाला आधी विचारलेले बरे.

तेल एका गुडघ्याला एका वेळी १५० मिलिलिटर. पूर्ण उपचारक्रमात तीन वेळा ताजे तेल घ्यायचे ठरवले तर वरून घालायच्या तेलासह प्रत्येक गुडघ्यामागे ५०० मिलिलिटर, एकूण ६६ लिटर. हे सगळे तेल परवानाधारक उत्पादकाच्या एकाच बॅचचे हवे. बॅच बदलली की उपचार बदलला, असेच समजा. सोबत विश्लेषण प्रमाणपत्र मागा: आम्लांक, साबणीकरणांक, पेरॉक्साइड मूल्य (हे तिन्ही तेलाचा दर्जा सांगतात) आणि जड धातू. शिसे १० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), आर्सेनिक ३, कॅडमियम ०.३ आणि पारा १, या मर्यादांच्या आत आकडे हवेत. रुग्णालयातच कढवलेले तेल चाचणीत वापरू नका. त्याची प्रत दरवेळी वेगळी येते.

प्रत्येक रुग्णाच्या तेलाची बाटली वेगळी, तिच्यावर फक्त चाचणी-क्रमांक. उरलेले तेल दुसऱ्याला वापरायचे नाही.

टप्पा ५: कृती लेखी बांधून टाका

जानुबस्ती दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी होते. चाचणीत ती एकाच तऱ्हेने व्हायला हवी, म्हणून पायरीवार कृतीपत्र लिहून भिंतीवर लावा.

१. पीठ घट्ट मळा. सैल कणकेची पाळी उबेने पसरते.
२. गुडघ्याच्या वाटीभोवती सुमारे चार सेंटिमीटर उंचीची पाळी बसवा आणि आतून-बाहेरून ओल्या बोटाने सांधा बुजवा. आधी दोन चमचे कोमट तेल घालून गळती पाहा. गळती बहुधा गुडघ्याच्या आतल्या बाजूला, जिथे पाय उतरता होतो तिथे असते.
३. तेल गरम पाण्यात वाटी ठेवून तापवा, थेट आचेवर नाही. थर्मामीटरने ४० ते ४२ अंश सेल्सिअस झाल्यावरच ओता. बोट बुडवून अंदाज घेणे बंद; तेलात रोज हात घालणाऱ्याच्या बोटाला उष्णता कमीच वाटते.
४. तापमान ३८ च्या खाली आले की स्पंजने थोडे तेल काढून तितकेच गरम तेल घाला. एकूण वेळ ३० मिनिटे.
५. तेल काढा, पाळी काढा, गुडघा आणि पावलाचा तळवा कोरडा पुसा. मगच रुग्णाला उभे करा.

शेवटची पायरी क्षुल्लक वाटते, पण गुडघेदुखीच्या रुग्णाने तेलकट फरशीवर घसरून पडणे ही या उपचारातली मोठी जोखीम आहे.

'रोज १४ दिवस' असे लिहू नका. मध्ये रविवार येतो, सुट्टी येते. '१८ दिवसांत १४ बैठका, किमान १२ झाल्या तर उपचारक्रम पूर्ण' असे लिहा.

> सावधान: चाचणी ॲलोपॅथिक रुग्णालयात होत असेल तर त्या पद्धतीचा प्रशिक्षित वैद्य सहसंशोधक म्हणून असलाच पाहिजे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) ही भूमिका जुनी आणि स्पष्ट आहे. नाव कागदावर आणि वैद्य दुसऱ्या तालुक्यात, असे चालत नाही.

टप्पा ६: परवानग्या, याच क्रमाने

पहिली प्रशासकीय परवानगी. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी प्रस्ताव द्या. त्यात जागा, मनुष्यबळ, नेहमीच्या ओपीडीवर पडणारा ताण आणि खर्चाचे शीर्षक लिहा. वरिष्ठ कार्यालयाची मान्यता लागते का, ते त्याच पत्रात विचारून घ्या.

मग एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती. बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत ती नसते. जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कमिटीशी लेखी करार करून काम करता येते. कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, तो क्रमांक मागून घ्या; २०१९ च्या नियमांनुसार अशा संशोधनासाठी ही नोंदणी लागते. कमिटीत या पद्धतीचा जाणकार नसेल तर त्या बैठकीपुरता तज्ज्ञ बोलवायला सांगा. नाहीतर 'तेल कसले?' यावरच बैठक संपते.

तिसरी सीटीआरआयमधली, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीतली, नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे फक्त आधीच नोंदणी होते. पहिला रुग्ण घेतल्यावर अर्ज केला तर तो घेतला जात नाही. अर्ज भरल्यावर शंका विचारल्या जातात, उत्तरे द्यावी लागतात, त्यात आठवडे जातात. क्रमांक हातात येईपर्यंत एकही रुग्ण नाही. 'प्रायोगिक म्हणून दोन-चार घेऊन बघू' इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. कृतीचा सराव करायचा असेल तर कर्मचाऱ्यांच्या गुडघ्यांवर करा आणि त्याची नोंद चाचणीत आणू नका.

भरतीचे पोस्टरही कमिटीकडून मंजूर करून घ्या. 'गुडघेदुखीपासून कायमची मुक्ती' असे लिहिले तर चाचणीचा पाया तर ढासळतोच, शिवाय १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या कचाट्यात सापडण्याची वेळ येऊ शकते.

टप्पा ७: संमती

सरकारी दवाखान्यात 'डॉक्टर म्हणतात तर करू' ही वृत्ती असते आणि ती संमती नव्हे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी संमती घेऊ नये. समुपदेशक किंवा दुसऱ्या विभागातला प्रशिक्षित माणूस बसवा. पाच गोष्टी तोंडी, साध्या मराठीत सांगायच्या: कुठला गट मिळेल ते चिठ्ठीवर ठरेल, गुण येईलच असे नाही, भाजण्याची आणि घसरण्याची शक्यता आहे, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतील व भरपाईची तरतूद आहे, आणि नाही म्हणालात किंवा मध्येच सोडलेत तरी इथले उपचार चालूच राहतील.

नंतर उलट विचारा: 'मावशी, तुम्हाला कोणता गट मिळणार?' उत्तर 'तेलाचा' आले, तर संमती झालेली नाही. पुन्हा समजवा.

रुग्णाला वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदारासमोर अंगठा घ्या. साक्षीदार रुग्णालयाचा कर्मचारी नको. संमतीपत्राची प्रत रुग्णाच्या हातात गेलीच पाहिजे. एसटीचे भाडे देता येते, पण रक्कम कमिटीने मंजूर केलेली असावी आणि ती दोन्ही गटांना सारखी द्यावी.

टप्पा ८: वाटणी

सम-विषम तारखेला वेगळा उपचार, सोमवारी तेल आणि मंगळवारी शेक, केसपेपरच्या शेवटच्या आकड्यावरून गट: या सगळ्या पद्धती बाद. पुढचा रुग्ण कुठे जाणार हे आधी कळले की ओळखीचा, जास्त त्रासलेला किंवा गोड बोलणारा रुग्ण आपोआप 'चांगल्या' दिवसाला बोलावला जातो. यात कोणाचा वाईट हेतू लागत नाही.

यादी चाचणीशी संबंध नसलेल्या माणसाने बनवावी. महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यक विभागातले संख्याशास्त्रज्ञ हे काम करतात. चार आणि सहाचे गठ्ठे (प्रत्येकात दोन्ही गटांच्या चिठ्ठ्या सारख्याच) मिसळून संगणकावर यादी काढायची. सगळे गठ्ठे चारचेच असतील तर शेवटच्या चिठ्ठीचा अंदाज येतो. मग क्रमांकित, सीलबंद, अपारदर्शक लिफाफे. साधा पांढरा लिफाफा ट्यूबलाइटसमोर धरला की आतली चिठ्ठी वाचता येते, म्हणून चिठ्ठी अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा आणि तिच्यावर कार्बन ठेवा. लिफाफा फोडण्याआधी त्यावर रुग्णाचा क्रमांक, तारीख आणि सही करायची. कार्बनमुळे ती आतल्या चिठ्ठीवर उमटते आणि लिफाफ्यांची अदलाबदल झाली तर पकडली जाते.

> तपासा, याच क्रमाने: पात्रता पूर्ण, संमती पूर्ण, सुरुवातीची मोजणी पूर्ण, मग लिफाफा. मोजणीआधी लिफाफा फोडला तर सुरुवातीचे आकडेही गटाच्या रंगात रंगतात.

टप्पा ९: मोजणी

रुग्णापासून जानुबस्ती लपवता येत नाही. पण मोजणाऱ्यापासून गट लपवता येतो, आणि तो लपवायलाच हवा. मोजणारी व्यक्ती दुसऱ्या खोलीत बसवा, मोजणीच्या दिवशी बैठक नंतर ठेवा, रुग्णाला 'आत काय केले ते सांगू नका' असे आधी सांगा. तेलाचा वास चुगली करतो. गुडघा साबणाने धुऊन, धुतलेले कपडे घालून यायला सांगितले की बरेच जमते.

मुख्य मोजमाप एकच: गेल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर चालताना किती दुखले, ० ते १०. दहा सेंटिमीटरच्या रेघेवर खूण करणे ज्यांना कागद-पेनची सवय नाही त्यांना अवघड जाते, म्हणून आकडा तोंडी विचारा. ग्रामीण भागात उत्तर हमखास 'आठ आणे फरक पडला' असे येते. तो सुरुवातीच्या मानाने झालेला बदल आहे, आजची वेदना नव्हे. 'आठ आणे'चे 'पाच' करून लिहू नका. प्रश्न पुन्हा विचारा.

दुय्यम मोजमापासाठी वोमॅक (गुडघ्याच्या झिजेतला त्रास मोजणारी) प्रश्नावली घेतली, तर २४ प्रश्न आहेत आणि वापरायला परवाना लागतो. प्रमाणित मराठी आवृत्तीच मागवा. स्वतः भाषांतर करू नका. मूळ प्रश्नांत आंघोळीच्या टबात चढण्या-उतरण्याचा प्रश्न आहे. तो गाळून आपल्या मनाने 'मोरी' घातली तर गुणांची तुलना इतर अभ्यासांशी करता येत नाही. मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे यांचे दोन प्रश्न वेगळ्या पानावर विचारा. आपल्याकडच्या रुग्णाची खरी अडचण तिथेच कळते.

दोन्ही गुडघे दुखत असतील तर उपचार दोन्हींवर करा, पण मोजणीसाठी सुरुवातीला जास्त दुखणारा एकच गुडघा ठरवा आणि शेवटपर्यंत तोच धरा. मोजणीचे दिवस: सुरुवात, उपचारक्रम संपताना, सहावा आणि बारावा आठवडा. जो रुग्ण बैठकांना यायचा थांबला त्याचीही मोजणी करायची. उपचार सोडला म्हणजे चाचणी सोडली असे नाही, हे कर्मचाऱ्यांना वारंवार सांगावे लागते. रुग्ण येत नसेल तर आशाताईंमार्फत निरोप द्या, आकडा मात्र मोजणाऱ्यानेच फोनवर विचारावा.

नोंदीत व्हाइटनर नाही. चुकीवर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख.

टप्पा १०: त्रास झाला तर

लालसरपणा, फोड, घसरणे, वेदना वाढणे हे सगळे दोन्ही गटांत सारख्याच प्रश्नांनी विचारा. तेलाच्या गटालाच विचारले तर त्याच गटात त्रास दिसणार; शेकाच्या पिशवीनेही भाजते. गंभीर घटना, म्हणजे रुग्णालयात दाखल करावे लागणे किंवा त्याहून वाईट, २४ तासांत एथिक्स कमिटीला कळवायची. कारण ठरायची वाट पाहायची नाही. आयुष औषधांच्या दुष्परिणामांसाठी वेगळी औषधदक्षता व्यवस्था आहे. तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. तिकडेही फॉर्म पाठवा.

पोटातून द्यायचे औषध असेल तर हा टप्पा याच्या तिप्पट मोठा होतो. यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या सुरुवातीला आणि ठरावीक अंतराने, शिवाय चालू गोळ्यांशी होणारी आंतरक्रिया पाहावी लागते. ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. ओपीडीतले बरेच गुडघे रक्तदाबाच्या गोळ्या खाणाऱ्यांचेच असतात.

टप्पा ११: विश्लेषण आणि अहवाल

विश्लेषणाचा आराखडा आकडे उघडण्याआधी लिहून, तारीख घालून कमिटीकडे ठेवा. दोन गटांची सहाव्या आठवड्याची वेदना, सुरुवातीची वेदना हिशेबात धरून, एकमेकांशी ताडायची. प्रत्येक गटाचे 'आधी आणि नंतर' वेगवेगळे तपासून 'तेलाच्या गटात सार्थक सुधारणा' लिहिणे ही मराठी-इंग्रजी सगळ्या प्रबंधांतली लाडकी चूक आहे. गुडघेदुखीचा रुग्ण दुखणे ऐन भरात असताना दवाखान्यात येतो. काहीही केले नाही तरी काही आठवड्यांत ते बरेचसे उतरते. दोन्ही गट 'सुधारणार'च. प्रश्न त्यांच्यातल्या फरकाचा आहे.

प्रत्येक रुग्ण लिफाफ्याने दिलेल्या गटातच मोजा, त्याच्या तीनच बैठका झाल्या असल्या तरी. अहवाल कॉन्सॉर्टच्या (चाचणीच्या अहवालात काय काय असावे ते सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय) यादीप्रमाणे लिहा: किती तपासले, किती वगळले व का, किती गळाले. जानुबस्तीची कृती, तेलाची बॅच आणि तापमान अहवालात पूर्ण द्या, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात ती तशीच करता येईल.

फरक आढळला नाही तरी निकाल सीटीआरआयच्या नोंदीत भरा आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या. साडेचार क्विंटल पीठ दरवर्षी घ्यायचे की नाही, हा निर्णय त्यांना याच कागदावरून घ्यायचा आहे. फरक आढळला असेल तर शेकाच्या गटातल्या ज्यांना हवी असेल त्यांना जानुबस्ती मोफत द्या. हे कलम संमतीपत्रात आधीपासून असावे आणि त्यासाठीचे तेल टप्पा ४ च्या हिशेबात वेगळे धरावे.